मुंबईच्या जेट्टीवरून माकूल (स्क्विड) गळाने गरवता येतं का?

दहिसरकर:
गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी मार्वे नाहीतर गोराईच्या जेट्टीवर गरवायला जातो. शिंगाळा, बोय नेहमीचे, एकदा दीड किलोचा जिताडा लागला. यंदा माकूल डोक्यात बसलंय. कोळंबीच्या आकाराची जपानी एगी, म्हणजे काटे लावलेलं नकली आमिष, घेतली, साडेतीन नंबरची. दुकानदार म्हणाला, टाका आणि ओढा. पाच संध्याकाळी गेलो, दोन तर ऐन पुनवेच्या उधाणाला. एक एगी तळाच्या जुन्या जाळ्यात गेली, बाकी काही नाही. लेकीला जिवंत माकूल दाखवायचं कबूल केलंय. जेट्टीवरून मिळतं तरी का?

वेसावकर:
दादा, मिळतं, पण कमी. अकरा वर्षांत जेट्टीवरून माझ्या हाताला सात लागली. ट्रॉलरवाल्यांना बाहेर खोल पाण्यात ढिगाने मिळतात, कारण माकूल डोळ्याने शिकार करतं आणि त्याला खारं, नितळ पाणी लागतं. आपल्या जेट्ट्या खाडीच्या तोंडाला, तिथे गाळ आणि पावसात गोडं पाणी. म्हणून दिवाळीच्या आधी जाऊच नका.

उधाणाला गेलात तिथेच चुकलं. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पुनवेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी पार ओसरलेलं, वर उधाणाच्या ओढीने तळ ढवळलेला. अष्टमीला बघा: आठाची पाऊणपट सहा. भांगाचं (लहान भरती-ओहोटीचं) पाणी संथ, गाळ खाली बसलेला, आणि भरती नेमकी दिवस मावळताना. माकूल काठाकडे शिकारीला येतं ते याच वेळेला. माझी सातातली सहा अष्टमी ते दशमीचीच आहेत.

एगी सतत ओढू नका. तळाजवळ जाऊ द्या, दोनदा काठी उचला, मग तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) जेमतेम ताठ ठेवून तिला खाली बसू द्या. माकूल ती खाली जातानाच धरतं. झटका बसत नाही, ओला पंचा अडकल्यासारखं जड होतं फक्त. तेव्हा हिसका द्यायचा नाही! एगीच्या काट्यांना उलटा दात नसतो आणि माकलाच्या दोन लांब सोंडा चटकन तुटतात. एका लयीत रीळ फिरवत राहा. वर घेताना जाळी शेपटीच्या बाजूने लावा, कारण घाबरलं की ते मागे पळतं, थेट जाळीत.

पाणी गढूळच असेल तर एगी ठेवून द्या. बोटभर मेलेली बोय दिव्याच्या उजेडात सोडा.

खाडीकाठची:
लेकीला दाखवायचं तर बादलीत आधी समुद्राचं पाणी भरून ठेवा. जिवंत माकलाचं अंग काचेसारखं असतं आणि त्यावर तांबूस ठिपके उघडमीट करतात, जणू कातडीच श्वास घेतेय. बाजारातल्या पांढऱ्या माकलात ते दिसतच नाही. माझ्या बाबांनी मला सहाव्या वर्षी दाखवलं होतं, अजून डोळ्यांसमोर आहे. थोडा वेळ बघा आणि लहान असेल तर सोडून द्या. बादलीवर वाकू देऊ नका, शाई डोळ्यांत जाते.

दहिसरकर:
काल नवमीला गेलो, लेकही होती. एगीला काही नाही. पण साडेसातच्या सुमारास बोयची दोरी जड झाली, निम्म्यावर आली आणि सुटली. बोय वर आली तर डोक्यामागे मानेवर मांसाचा तुकडा स्वच्छ कापून नेलेला, बाकी मासा आख्खा. लेकीने तो मासा घरी आणून फ्रीजमध्ये ठेवलाय, टाकू देत नाही. हे माकूलच का?

वेसावकर:
माकूलच! त्याला पोपटासारखी चोच असते, पहिला घास मानेचाच घेतं. आज दशमी, भरती साडेसातला. त्याच खांबाजवळ बसा, जाळी हाताशी ठेवा आणि या वेळी दोरी निम्म्यावर आली की घाई करू नका.