भरीत पार्टी, झेडपी आणि रात्रीचा डॉक्टर

मंडळी, नमस्कार,

सोमवारी जळगावला उतरलो तेव्हापासून चार दिवसांत तीन भरीत पार्ट्या झाल्यात. 15 जानेवारी 2026 ला महापालिकेचं मतदान आहे ना, त्यामुळे प्रत्येक इच्छुकाच्या मळ्यात वांगी भाजायला कापसाच्या पऱ्हाट्या पेटल्यात. पक्ष तीन पण वांगी तिन्हीकडे बामणोदचीच, आणि भरीत कुटायच्या लाकडी बडगीत मुसळ पडलं की काय तो वास, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याच्या पुऱ्या. तुम्हा सगळ्यांची फार आठवण आली.

आता कामाचं. आपल्या बाहेर राहणाऱ्यांच्या मंडळाने आमच्या यावल तालुक्यातल्या आरोग्य केंद्राला ऑक्सिजनचं मशीन द्यायचं ठरवलंय, तर माझी हात जोडून विनंती आहे की जरा थांबा. जुलैत माझ्या चुलतभावाला घोणस चावला. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून तो 2 वाजता केळीला पाणी द्यायला गेलेला. केंद्रात नेला तर सर्पदंशाची लस फ्रीजमध्ये होती, सिस्टर होत्या, डॉक्टर नव्हते. लसीची रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळायला कोणीतरी लागतं, म्हणून त्या बाईंनी स्वतःच अँब्युलन्स बोलावून पुढे पाठवला. भाऊ वाचला, पण पाय सुजून नुसता खांब झालेला, तो मी व्हिडिओ कॉलवर बघितलाय.

प्राथमिक आरोग्य केंद्र झेडपी चालवते आणि जळगाव झेडपीवर मार्च 2022 पासून प्रशासक आहे. डॉक्टर सरकार नेमतं हे खरं, पण रिकाम्या जागेसाठी भांडायला गावाचा सदस्यच नाही. मग आईबाबा कोणाच्या दारात जाणार?

— यावलकर

-----

भाऊ,

आधी चुलतभावाची तब्येत कळवा. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडची, आमच्याकडे 20 हजार लोकांमागे एक केंद्र हवं असा नियम आहे, सपाटीला 30 हजार, पण सातपुड्यात पाड्यावरून केंद्रापर्यंत खाली उतरायलाच अर्धा दिवस जातो. सिकलसेलचंच बघा, रक्ताचा आनुवंशिक आजार. जुलै 2023 मध्ये देशाचं मिशन सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, छानच आहे, मी मनापासून स्वागत केलं. पण आईवडील दोघं वाहक असतील तर दर बाळंतपणाला बाळाला हा आजार व्हायचा 25 टक्के धोका असतो, हे त्या पोरापोरीला लग्नाआधी शेजारी बसून त्यांच्या बोलीत सांगणारं माणूस लागतं, नुसतं तपासणीचं कार्ड देऊन भागत नाही.

आणि मशीनला सरसकट नाही म्हणू नका हो. 2021 च्या लाटेत नंदुरबारने ऑक्सिजन प्लांट आधीच उभे केले होते म्हणून आमची माणसं वाचली, तेव्हा कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड होते, स्वतः डॉक्टर आणि साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे.

— धडगावच्या वहिनी

-----

आमनी माय धुयाले ऱ्हास (धुळ्याला राहते), काल फोनवर म्हने, मत मांगाले येतस त्यासले सांग, आमले डाक्टर जोयजे (पाहिजे), साडी नको!

यावलकर, मशीन की डॉक्टर ते नंतर, येताना चार वांगी आण रे.

— शिरपूरचे काका

-----

काका, वांगी विमानतळावर काढून घेतील, कळण्याचं पीठ आणतो दोन किलो.

वहिनी, भाऊ आता चालतो, फक्त रात्री शेतात जायची हिंमत होत नाही त्याची. तुमचं पटलं, नंदुरबारला प्लांट कामाला आले कारण तिथे चालवणारं माणूस पण होतं. म्हणून एवढंच करू, ज्यांचे ज्यांचे आईबाप खान्देशात आहेत त्यांनी घरी फोन करून सांगा की झेडपीची निवडणूक लागली आणि कोणी दारात आलं की एकच विचारा, रात्री केंद्रात डॉक्टर कधीपासून? मशीनचे पैसे तोवर खात्यात राहू द्या. मी उद्या केंद्रात जाऊन मंजूर जागा किती, भरलेल्या किती ते विचारून इथेच टाकतो, आणि सिस्टरना घरचा फराळ द्यायचाय, आईने सकाळपासून डबा भरून ठेवलाय.

— यावलकर