शेपटी ओढली गेलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी इंजेक्शन का?

डोंबिवलीची_मनीमाय

आमच्या कॅट ग्रुपवर परत तेच झालं. स्कूटरच्या चाकाखाली शेपटी सापडलेली मांजरी, चालतेय नीट, खातेय पितेय, फक्त शेपटी लोंबतेय आणि मागून शू गळतेय. डॉक्टर म्हणाले नर्व्ह गेली, कंट्रोल येणार नाही, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवून टाका. संध्याकाळपर्यंत ते झालंही आणि ग्रुपवर 'सुटली बिचारी' म्हणून हात जोडलेल्या इमोजींची रांग. मला हे पटत नाही. का पटत नाही ते लिहिते, भांडायचं असेल त्यांनी भांडा.

अशा अपघातात मांजर चिरडलेलं असतंच असं नाही. शेपटी अडकते, मांजर जीव खाऊन पुढे पळतं आणि सगळा हिसका शेपटीच्या मुळाशी बसतो. तिथलं हाड निखळतं, पण हाडाचं कोणाला पडलंय, खरा घोळ आतल्या नसांचा. मज्जारज्जूच्या टोकाकडून निघालेल्या नसा तिथूनच जातात आणि शू, शी, शेपटी तिन्हीचा कारभार त्यांच्याकडे. त्या ताणल्या जातात. ताणल्या म्हणजे तुटल्याच असं नाही, आणि नुसत्या ताणलेल्या असतील तर बऱ्याचदा परत कामाला लागतात. ज्यांचा कंट्रोल परत येतो त्यांचा साधारण पहिल्या महिन्याभरात येतो, त्यानंतर आशा पुष्कळ कमी होते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की एक महिना द्या, निकाल पहिल्या दिवशी लावू नका.

पण तो महिना नुसता वाट बघत काढायचा नाही. गळतंय म्हणजे होतंय असं समजून लोक फसतात. होत काहीच नसतं, ब्लॅडर म्हणजे लघवीची पिशवी, तो गच्च भरलेला असतो आणि वरचं ओसंडून बाहेर येतं. तो दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामा करावा लागतो. नाही केला तर ताणून ताणून त्याचा स्नायूच निकामी होतो, मग नसा सुधारल्या तरी उपयोग शून्य.

लोकलचा_प्रवासी

मनीमायताई, सगळं बरोबर, पण दिवसातून तीन-चार वेळा कोण करणार ते पण लिहा ना. मी सकाळी सातला घर सोडतो, रात्री नऊला परत, बायकोचं तेच. घरी आई आहे, तिची बोटं संधिवाताने वाकलीत. सांगणाऱ्याचं काय जातं. ज्याने मांजर झोपवलं त्याच्या घरची परिस्थिती ग्रुपवर कोणी विचारली का? नाही. लगेच निर्दयी ठरवून मोकळे. आमच्याकडे बोका होता तेव्हा ही वेळ आली असती तर मी इंजेक्शनच दिलं असतं आणि मला त्याची लाज वाटली नसती.

सदाशिव_बोका

+1 प्रवासी. शिवाय मांजर काय हूं का चूं न करता दाबून घेतं असं वाटतंय का तुम्हाला? आमचं नखं कापताना रक्त काढतं.

फायनल_इयर_व्हेट

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, आणि ग्रुपवर लोक एकमेकांचे सल्ले कॉपी करतात म्हणून लिहितोय. मार कुठे लागलाय त्यावर ब्लॅडर कसा वागेल ते ठरतं. शेपटीच्या मुळाशी लागलं असेल तर ब्लॅडर लुळा पडतो आणि बहुतेक वेळा त्याचं तोंडही ढिलं असतं, म्हणून गळतं, आणि दाबला की तुलनेने सहज रिकामा होतो. पण पाठीच्या मधल्या भागात लागलं असेल, म्हणजे मागचे पायच गेलेत असं मांजर, तर उलटं, तोंड घट्ट आवळलेलं राहतं आणि दाबून शू येत नाही. तिथे ताकद लावली तर ब्लॅडर फुटू शकतो आणि ती जिवावरची इमर्जन्सी आहे. म्हणून यूट्यूब बघून घरी सुरुवात करू नका. आधी एक्सरे, आणि डॉक्टरांकडे त्यांच्यासमोर तुमच्या हाताने करून बघा.

पद्धत साधारण अशी की मांजराला तुमच्याकडे पाठ करून उभं करायचं, खाली मोरी किंवा वर्तमानपत्र. एका हाताने छातीला आधार, दुसरा हात पोटाखालून मागच्या पायांच्या जरा पुढे. ब्लॅडर भरलेला असेल तर लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी गुळगुळीत गोळी बोटांना लागते. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, आणि हळूहळू दाब वाढवत शेपटीकडे. झटका द्यायचा नाही, पिळायचं नाही. धार सुरू झाली की तोच दाब धरून ठेवायचा, सोडून परत परत दाबत बसलात तर मांजरही वैतागतं आणि तुम्हीही. शेवटी हाताला रिकामी मऊ पिशवी लागली पाहिजे. नॉर्मल दाबाला येत नसेल तर थांबा आणि क्लिनिक गाठा, जोर वाढवू नका.

अंदाज म्हणून सांगतो, 4 किलोच्या मांजराची 24 तासांची शू सहज 100 मिलीच्या वर जाते, ओलं खाणं असेल तर अजून जास्त. म्हणजे चौदा तास घराला कुलूप असेल तर काय होईल ते प्रवासीसाहेबांनी बरोबर ओळखलंय. त्या बाबतीत ते चुकीचे नाहीत.

गल्लीतली_ताई

मी रोज रस्त्यावरच्या मांजरांना खायला घालते, तेव्हा मला दयामाया नाही असं कोणी म्हणू नका. घरच्या मांजराचं ठीक आहे. पण ग्रुपवरची ती मांजरी गल्लीतली होती. तिला महिनाभर कोण ठेवणार? शेल्टरमध्ये जागा नाही, फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं घरी ठेवायला, हात वर करणारे पोस्टखाली हार्ट टाकून गायब. पिंजऱ्यात ठेवायचं, रोज अनोळखी हातांनी पोट दाबायचं, आणि महिन्याने 'नाही आला कंट्रोल' म्हणून तेच इंजेक्शन. तो महिना तिने कशासाठी काढायचा? आणि कंट्रोल न येता गल्लीत सोडली तर मागचे पाय सदा ओले, कातडी सोलवटलेली, त्यावर माश्या, पावसाळ्यात तर अळ्या. मी बघितलंय. 1960 च्या प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही जिवंत ठेवणंच क्रूर ठरेल अशा जनावराला संपवण्याची तरतूद आहे. ती उगाच नाही केलेली.

डोंबिवलीची_मनीमाय

ताई, तरतूद आहे, पण तिथे मॅजिस्ट्रेट, पोलीस आणि जनावरांचा डॉक्टर आहेत, व्हॉट्सअ‍ॅपचा पोल नाही. आणि जिवंत ठेवणं क्रूर आहे हे आधी ठरलं पाहिजे ना? खाणारी, चालणारी, डोकं घासणारी मांजरी त्यात बसते का? सोलवटलेली कातडी आणि अळ्या हे ब्लॅडर रिकामा न केल्याचं फळ आहे. तुम्ही उपचार न झालेल्या मांजराचं चित्र दाखवून उपचार नको म्हणताय.

प्रवासी, तुम्हाला निर्दयी नाही म्हणत. माझा राग डॉक्टर 'कंट्रोल येणार नाही' असं छातीठोक सांगतात त्यावर आहे. शेपटीच्या मुळाशी चिमटा काढून बघितला का? तिथे कळत असेल तर चान्स खूप चांगला असतो, बरीच मांजरं काही दिवसांतच स्वतः शू करायला लागतात. गुदद्वार आवळतंय का बघितलं? दोन मिनिटांची तपासणी आहे. ती झाली आणि मग घरच्यांनी नाही जमत म्हटलं तर मी गप्प बसेन.

रत्नागिरी_हापूस

मधेच विचारतो, कॅथेटर, म्हणजे शू काढायची नळी, घालून ठेवला तर? माणसांना घालतातच की. नाहीतर लहान मुलांचे डायपर शेपटीला भोक पाडून. एवढी दाबादाबी कशाला.

फायनल_इयर_व्हेट

डायपर बाहेरचं ओलं टिपतो, आत ब्लॅडर भरलेलाच राहतो, म्हणजे मूळ प्रश्न तिथेच. रिकामा केल्यानंतर दोन तास सोफा वाचवायला घाला हवं तर. कॅथेटर पहिले काही दिवस दवाखान्यात घालतात, फार ताणलेल्या ब्लॅडरला आराम मिळावा म्हणून ते बरोबरच आहे, पण जितके दिवस आत तितकं इन्फेक्शन चढायची भीती जास्त. वर्षभर घालून ठेवायची गोष्ट नाही ती. आणि बोक्याची मूत्रनलिका इतकी अरुंद असते की घरी रोज घालायचा विचारही नको.

औषधांबद्दल कोणी विचारण्याआधीच. प्राझोसिन ब्लॅडरचं तोंड सैल करायला देतात, त्याने बीपी पडू शकतं. बेथानेकॉल ब्लॅडरचा स्नायू आवळायला देतात, पण ब्लॅडरचं तोंड बंद असताना दिलं तर बंद दारावर आतून धक्के. डायझेपाम गिळायला दिल्यावर काही मांजरांचं लिव्हर अचानक निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. आणि दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन देणाऱ्यांनो, त्यातलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, थोडंसंही.

कोथरूड_काकू

आमची चिंगी महिना उलटूनही सुधारली नाही तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही रस्ते समोर ठेवले होते. आम्ही दाबायचं ठरवलं, अजून दाबतोय. पहिल्या आठवड्यात मी रडले हे खरं, आता टीव्ही बघता बघता उचलते आणि बाथरूममध्ये दीड मिनिटात उरकतं, तीच वेळ झाली की येऊन दारात बसते. शेपटी कापली, कारण ती सारखी शीने भरायची. पण गोड गोड सांगणार नाही. बाहेरगावी जाणं बंद झालं. ब्लॅडर पूर्ण रिकामा होत नाही त्यामुळे इन्फेक्शन परत परत होतं, वास बदलला किंवा शू गढूळ दिसली की आम्ही लॅबला कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते बघायला, पाठवतो. सुरुवातीला दरवेळी तेच अँटिबायोटिक देत होतो, मग ते लागूच पडेना. शीचंही बघावं लागतं, खडा झाला की शी मऊ करणारं लॅक्टुलोज. आणि रॅशला लहान मुलांची झिंकवाली क्रीम लावू नका, चाटतात, तेही विषारीच. कोमट पाण्याने धुवून कोरडं करते, मागचे केस बारीक कापून ठेवते.

सदाशिव_बोका

काकू, तुमच्या पायाशी लोटांगण. पण 'बाहेरगावी जाणं बंद' हे वाक्य प्रत्येक महिना-द्या वाल्याने पोस्टच्या पहिल्या ओळीत लिहावं.

लोकलचा_प्रवासी

हेच म्हणतोय मी. काकू घरी आहेत म्हणून चिंगी आहे. मनीमायताई, चिमट्याचं पटलं, ते प्रत्येक डॉक्टरने करायलाच हवं. पण चिमटा काढून कळलं नाही, घरी दिवसा माणूस नाही, तर तुम्ही काय सांगणार?

डोंबिवलीची_मनीमाय

कळलं नाही म्हणजे संपलं असं नाही, अशाही बऱ्याच जणांचा कंट्रोल महिनाभरात आलेला आहे, नुसता वेळ जास्त लागतो. दिवसा माणूस नसेल तर क्लिनिकला डे-बोर्डिंगचं, म्हणजे दिवसभर ठेवून घेतात का, विचारा, बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या मुलांना शिकवा, सकाळी निघताना, दुपारी एकदा कोणीतरी, रात्री आल्यावर आणि झोपताना तुम्ही. तरी नाहीच जमलं, तर पोट फुगवून ठेवण्यापेक्षा इंजेक्शन बरं, तिथे माझं तुमच्याशी भांडण नाही.

गल्लीतली_ताई

घरच्या मांजरांचं तुमचं मिटलं. माझ्या प्रश्नाला अजून उत्तर नाही. पुढची गल्लीतली केस आली की मी या धाग्यावर टाकणार, ज्यांना महिना द्यायचाय त्यांनी नाव, एरिया आणि दुपारी घरी असता का ते लिहायचं. हार्ट नको.

कोथरूड_काकू

कोथरूड, दुपारी घरीच. पण एकावेळी एकच, चिंगीला दुसरं मांजर चालत नाही, वेगळी खोली एकच आहे. बाकीच्यांनी लिहा.

रत्नागिरी_हापूस

मी लांब आहे, एक्सरेचे पैसे देतो.