बाबांना फोन शिकवताना माझाच संयम सुटतोय

फलटणची लेक

बाबा ७४ वर्षांचे. साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर क्लार्क होते, पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या १९९५ च्या योजनेची. आई गेल्यापासून फलटणला एकटे असतात, मी पुण्यात. हयातीच्या दाखल्यासाठी दरवर्षी कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून बँकेत जातात. अंगठा उमटत नाही, मग पुन्हा खेप. आता चेहरा दाखवून घरबसल्या दाखला निघतो म्हणून दिवाळीत स्मार्टफोन घेऊन दिला. चार दिवस शिकवलं. मी पुण्याला पोचेपर्यंत सगळं विसरले! परवा तर व्हॉट्सअ‍ॅपच 'हरवलं'. मी ओरडले, ते गप्प झाले. आता मला फोन करायचा तर शेजारच्या काकांच्या फोनवरून करतात. काय करू?

निवृत्त कंडक्टर

ताई, मी ७२. एसटीत ३१ वर्षं काढली. मलाही पोरानं चार दिवस शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, 'द्या इकडे' म्हणून फोन हातातून घ्यायचा, टकटक करायचं आणि 'हे बघा, झालं'. पत्ते पिसणाऱ्याकडे बघून कोणी पत्ते शिकतं का?

व्हॉट्सअ‍ॅप कसं हरवतं ते सांगतो. तुम्ही टिचकी मारता, आम्ही दाबतो. जास्त वेळ दाबलं की फोनला वाटतं चिन्ह हलवायचंय, बोट सरकलं की ते गेलं दुसऱ्या पानावर. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये 'टच अँड होल्ड डिले' असतं, ते 'लाँग' करा. दुसरं, हल्लीच्या फोनात मागे जायला कडेवरून बोट ओढावं लागतं. मला ते आजही जमत नाही. सेटिंगमधून खालची तीन बटणं परत आणता येतात. ती आणली आणि माझी निम्मी भीती गेली. कुठेही अडकलो तरी मधलं बटण दाबायचं, गाडी स्टँडवर परत.

वही करा, पण त्यांच्याच हातानं लिहू द्या. माझ्या वहीत 'होम'ला 'डेपो' लिहिलंय. आणि एका खेपेला एकच काम. मी पहिले पंधरा दिवस फक्त नातीशी व्हिडिओ कॉल केला. लावणं वेगळं, उचलणं वेगळं बरं का. माझ्या फोनवर उचलताना बटण वर सरकवावं लागतं. मी नुसता दाबत बसायचो आणि नात म्हणायची आजोबा उचलत नाहीत.

केंद्रवाली

आमच्या केंद्रात नोव्हेंबरभर हेच चालतं. अ‍ॅप दोन लागतात, 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी'. आधी 'ऑपरेटर'ची नोंद मागतं, तिथे लोक घाबरतात. ऑपरेटर म्हणजे तुम्हीच, किंवा बाबा स्वतः. आधार, पीपीओ (पेन्शन ऑर्डरचा) नंबर, खाते नंबर हाताशी ठेवा. उजेड तोंडावर हवा, खिडकी पाठीमागे नको.

पण एक विचारते, हे त्यांना शिकवायचंच कशाला? वर्षातून एकदाचं काम माझ्यासुद्धा लक्षात राहत नाही. ईपीएस-९५ वाल्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही. कुठल्याही महिन्यात द्या, त्या दिवसापासून वर्षभर चालतो. पुढच्या फेरीत तुम्हीच करून या. त्यांना रोज लागेल ते शिकवा.

बार्शीकर

पैशाचं शेवटी शिकवा. वहीच्या पहिल्या पानावर मात्र आजच लिहून घ्या: पिन पैसे जाताना लागतो, येताना लागत नाही. माझ्या मामांना खोट्या पोलिसांनी 'डिजिटल अरेस्ट' म्हणून दोन तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं. अशी अटक कायद्यात नाहीच, पण समोर खाकी वर्दी दिसली की माणूस उठत नाही. मामी दूध आणून बाहेरून आल्या आणि त्यांनी फोन बंद केला म्हणून वाचले. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, हेही लिहा.

फलटणची लेक

रविवारी जाऊन आले. दाखला मीच काढला, अंगणात खुर्ची टाकून, तिसऱ्या प्रयत्नात. फोन पापणी मिटायला सांगतो, पण दोन वेळा ते पापणीच मिटेनात, फोटो काढतात तसे ताठ बसले होते.

तीन बटणं आणली. मधल्याला त्यांनी वहीत 'काटा' लिहिलंय. विचारलं तर म्हणाले, गाडी कुठूनही आली तरी काट्यावर यावंच लागतं.

काल माझा व्हिडिओ कॉल पहिल्यांदा उचलला. सहा मिनिटं बोललो. मला सगळा वेळ छताचा पंखा दिसत होता. मी काही बोलले नाही.