भावाच्या डोळ्यात ‘चिप’ बसवण्यासाठी आगाऊ पैसे भरावेत का?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ तिशीच्या आतला आहे आणि त्याला रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात आरपी म्हणतात तो आजार असल्याचे निदान झाले आहे. लहानपणी दिवेलागण झाली की तो अंगणातल्या बाजेला, बादलीला धडकायचा, तेव्हा घरच्यांनी साधा रातांधळेपणा समजून गाजर आणि शेवग्याचा पाला खाऊ घालण्यावर भागवले. आता दिवसाही त्याला बाजूचे दिसत नाही. समोरचे मात्र चांगले दिसते. आडतीच्या दुकानातल्या पट्ट्या तो स्वतः वाचतो आणि हिशेब लिहितो, पण मोंढ्यात बाजूने पोते घेऊन येणारा हमाल त्याला धक्का लागल्यावरच कळतो.

अलीकडे एका गृहस्थांनी वडिलांना सांगितले की परदेशी चिप डोळ्यात बसवली की पूर्ववत दिसू लागते, मोठ्या शहरात ही शस्त्रक्रिया होते आणि नंबर लावण्यासाठी एकूण खर्चाचा चौथा हिस्सा आधी भरावा लागतो. वडील दोन एकर रान विकायला तयार झाले आहेत. शिवाय, नेत्रदानातून मिळालेला डोळा बसवता येणार नाही का, असेही ते विचारतात.

दुसरा प्रश्न मावशीचा आहे. सोयाबीनच्या मळणीच्या वेळी काडी लागून झालेली जखम चिघळली आणि तिचा उजवा डोळा काढावा लागला. तिला कृत्रिम डोळा बसवायला सांगितले आहे. त्याने तिला दिसेल का, आणि ही चिप त्यातच बसवतात का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मांजरापट्टा (लातूर, नेत्ररोग, पडद्याचे काम)

पैसे भरू नका. कारणे पुढे देतो, पण रानाचा व्यवहार ठरण्याआधी एवढे पहिले वाक्य वडिलांना वाचून दाखवा.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात: सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी. आरपीमध्ये सहसा आधी दंडपेशी मरतात, म्हणून रात्रीचे आणि बाजूचे दिसणे अगोदर जाते. मध्यभागी दाटीने असलेल्या शंकुपेशी बरीच वर्षे टिकतात, म्हणून तुमच्या भावाला पट्टी वाचता येते पण हमाल दिसत नाही. प्रकाश टिपणाऱ्या पेशी गेल्या तरी त्यांच्यापुढचे मज्जापेशींचे थर आणि डोळ्याची नस पुष्कळ अंशी शाबूत राहतात, आणि पडद्यावर बसवायच्या सगळ्या यंत्रांची मदार याच शिल्लक भागावर असते. काचबिंदूने किंवा मार लागून नसच गेली असेल, तर पडद्यावर काहीही बसवून उपयोग होत नाही.

आरपीसाठी सर्वांत जास्त वापरले गेलेले यंत्र म्हणजे अमेरिकेतील सेकंड साइट कंपनीचे आर्गस-२. त्याला युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. चष्म्यावरचा कॅमेरा चित्र टिपतो, अंगावर बाळगायचा छोटा संगणक त्याचे संकेत तयार करतो आणि ते बिनतारी मार्गाने डोळ्यातल्या ६० इलेक्ट्रोडांच्या पट्टीपर्यंत पोहोचतात. कोट्यवधी पेशींचे काम ६० टोकांवर आले की काय दिसणार, याचा अंदाज तुम्हीच करा. रुग्णांना प्रकाशाचे ठिपके आणि ठळक कडा जाणवत: दार कोणत्या बाजूला आहे, समोर कोणी उभे आहे का, पांढरी रेघ कोठे संपते. चेहरा ओळखता येत नसे. नुसत्या यंत्राची किंमत सुमारे दीड लाख डॉलर होती आणि जगभरात साधारण ३५० लोकांनी ते बसवून घेतले. २०१९ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले, २०२० मध्ये ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि ज्यांच्या डोळ्यात यंत्र होते त्यांना दुरुस्तीसाठी वाली उरला नाही. जर्मनीतील रेटिना इम्प्लांट या कंपनीची चिप १,५०० प्रकाशसंवेदकांची होती. तिनेही २०१९ मध्येच गाशा गुंडाळला. शरीरात कायमचे राहणारे यंत्र विकत घेणारा माणूस त्या कंपनीच्या आयुष्याशीही बांधला जातो, आणि हे विकणारा कधी सांगत नाही.

तुमच्या भावाच्या बाबतीत मुख्य मुद्दा आणखी वेगळा आहे. आर्गस-२ हे ज्यांना उजेड-अंधारापलीकडे काहीच कळत नाही अशांसाठीच होते. जो मनुष्य हिशेब लिहितो त्याच्या डोळ्यात असे काही बसवणे म्हणजे हातातली दृष्टी पणाला लावणे होय, आणि कोणताही शहाणा शल्यचिकित्सक ते करणार नाही.

सध्या गाजते आहे ती प्राइमा नावाची चिप. दोन मिलिमीटर लांब, तितकीच रुंद, ३० मायक्रॉन जाडीची आणि ३७८ घटकांची ही चिप पडद्याखाली सरकवतात. विशेष चष्म्यातून अवरक्त किरणांनी चित्र तिच्यावर पाडले जाते आणि त्या किरणांवरच ती चालते, त्यामुळे तिला तार लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्या युरोपातील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३८ जणांना ती बसवली होती, वर्षभराने तपासता आलेल्या ३२ पैकी २६ जणांची अक्षरे वाचण्याची क्षमता लक्षणीय वाढली. निष्कर्ष खरोखर चांगला आहे. मात्र हे सगळे वयोमानाने पडद्याचा मध्यभाग झिजलेले वृद्ध रुग्ण होते. त्यांचे मधले गेले आणि कडेचे शिल्लक राहिले. तुमच्या भावाचे नेमके उलट आहे. त्या गृहस्थांनी बहुधा हीच बातमी दाखवली असावी.

नेत्रदानाबद्दल वडिलांचा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढलेल्या डोळ्यातून दृष्टी देण्यासाठी वापरतात ते पुढचे पारदर्शक पारपटल. बुबुळावर फूल पडलेल्या माणसाला त्याने दिसू शकते, पडदा खराब झालेल्याला नाही. संपूर्ण डोळा बसवायचा तर सुमारे दहा-बारा लाख तंतूंची नस मेंदूकडे पुन्हा जुळावी लागते, आणि ते अजून कोणाला साधलेले नाही. न्यूयॉर्कमध्ये मे २०२३ मध्ये एका रुग्णाला चेहऱ्याच्या काही भागासह अख्खा डोळा बसवला गेला. डोळ्यातला रक्तपुरवठा टिकला, पण त्या डोळ्याने दिसले नाही.

आता त्या गृहस्थांना विचारायचा प्रश्न. ही प्रायोगिक चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला तिचा नोंदणी क्रमांक द्या, असे सांगा. संशोधनाचा भाग असलेल्या गोष्टींचा खर्च सहभागी रुग्णाकडून घेऊ नये, असे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मग नंबर लावण्याचे पैसे कशाचे?

खडकी (छत्रपती संभाजीनगर)

मी कृत्रिम डोळे तयार करून बसवण्याचे काम करतो, म्हणून फक्त मावशींच्या प्रश्नाचे उत्तर देतो. या डोळ्याने दिसत नाही आणि त्यात कोणतीही चिप नसते. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे लागते, कारण पैसे भरून, मोठ्या आशेने बसलेली माणसे पट्टी काढताच हात डोळ्यापुढे नेऊन बघतात.

डोळा काढताना शल्यचिकित्सक खोबणीत बहुधा एक गोळा ठेवून त्यावर पातळ आवरण शिवतात आणि पापण्यांमागची जागा आक्रसू नये म्हणून एक पारदर्शक कवच घालतात. जखम भरायला सहा ते आठ आठवडे जातात. त्याआधी माप घेऊ नये. तयार साच्यातले डोळे स्वस्त मिळतात, पण ते मागच्या बाजूने नीट टेकत नाहीत, पोकळीत पाणी आणि चिकट स्राव साचतो आणि पापणी सुजते. शक्य असेल तर मापाचाच करून घ्या. दातांच्या मापासाठी वापरतात तसाच मसाला खोबणीत भरून ठसा घेतला जातो, त्यावरून मेणाचा नमुना करून पापणीची ठेवण पाहिली जाते, मग तो ॲक्रिलिकमध्ये उतरवला जातो. बुबुळ हाताने रंगवतात. मी मापाच्या दिवशी रुग्णाला खिडकीजवळ उजेडात बसवतो, कारण आपल्याकडच्या तपकिरी बुबुळातही बाहुलीभोवती एक फिकट, मधासारखे वलय असते आणि ते ट्यूबलाइटखाली दिसत नाही. पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी लाल रेशमाचे धागे उकलून त्यांचे तंतू चिकटवतात. शेतात वावरणाऱ्या माणसाचा पांढरा भाग कधीच शुभ्र नसतो. त्यात पिवळट छटा घातली नाही तर डोळा उपरा दिसतो.

मावशींना सांगा की तो रोज काढायची गरज नाही. काढला तर साध्या साबणाच्या पाण्याने धुवावा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये, त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. वर्षातून एकदा तरी पॉलिश करून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्यांच्याकडे आता एकच डोळा आहे, तेव्हा मळणी असो, ऊसतोडणी असो की पऱ्हाटी उपटणे असो, पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा लावल्याशिवाय रानात जाऊ नये. नंबर नसला तरी चष्मा लावावा.

आसना (नांदेड)

मला स्वतःला आरपी आहे, मी बँकेत नोकरी करतो आणि आता मला जवळपास काहीच दिसत नाही. डॉक्टरसाहेबांचा सल्ला योग्य आहे, पण ‘ठिपके’ या शब्दात थोडी उपेक्षा आहे असे मला वाटते. ज्याने अनेक वर्षे पूर्ण अंधारात काढली आहेत त्याला दार कोणत्या बाजूला आहे एवढे कळणेही क्षुल्लक नसते. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये जनुकीय उपचार आणि विशेष गॉगल यांच्या साह्याने आरपीच्या एका ५८ वर्षांच्या रुग्णाला टेबलावरच्या वस्तू ओळखून मोजता आल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा मी ती बातमी मोबाईलकडून परत परत वाचून घेतली होती. आशा धरू नका असे मी म्हणणार नाही. फक्त तिच्यासाठी रान विकू नका.

आता जे लगेच करता येते त्याविषयी. तुमच्या भावाचे समोरचे दिसणे चांगले असल्यामुळे, अक्षरांचा तक्ता वाचता येतो म्हणून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळणार नाही, असे कोणीतरी सांगेल. मला तसेच सांगून परत पाठवले गेले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दृष्टिक्षेत्राचाही, म्हणजे नजर एका जागी ठेवून किती रुंद दिसते याचाही, निकष आहे: क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असल्यास अल्पदृष्टी आणि १० अंशांपेक्षा कमी असल्यास अंधत्व धरले जाते. म्हणून आधी फील्ड तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्या आणि तो आलेख अर्जासोबत जोडा. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, त्यावरच मिळते, आणि शासकीय नोकरीत अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी राखीव असलेल्या एक टक्क्याचा दावाही त्यावरच करता येतो.

दुसरे म्हणजे, दृष्टी शिल्लक असतानाच पांढरी काठी आणि मोबाईलवरचे टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, शिकायला लावा. संगणकासाठी तसेच एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि मराठी वाचते. गावात लोक काय म्हणतील या संकोचाने मी काठी फार उशिरा हातात घेतली, आणि तोवर नालीत पडून पाय मोडला होता. मोंढ्यात तर काठीचा फायदा दुहेरी आहे, कारण ती पाहून हमालच बाजूला होतो.

आणखी एक. आरपी आहे म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे सोडू नका. आरपीच्या रुग्णांना लवकर मोतीबिंदू होतो आणि पडद्याच्या मध्यभागी सूजही येते. या दोन्हींवर उपचार आहेत. माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मला काही वर्षे पुन्हा ठळक मथळे वाचता आले.

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. त्या गृहस्थांना नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा यंत्र परदेशी असल्यामुळे भारतात नोंद लागत नाही, असे उत्तर मिळाले. वडिलांनी व्यवहार तूर्त थांबवला आहे. मावशीला माप द्यायला दिवाळीनंतर घेऊन जाऊ.

एक प्रश्न राहिला. माझे आई-वडील नात्यातलेच आहेत. आई वडिलांच्या मामाची मुलगी. आता बहिणीसाठीही मामाच्या मुलाचे स्थळ आले आहे. तिला रात्री नीट दिसते. तरी काही धोका आहे का?

मांजरापट्टा (लातूर, नेत्ररोग, पडद्याचे काम)

यंत्र कोणत्याही देशाचे असो, चाचणी भारतात होत असेल तर नोंद भारतातच लागते. त्या गृहस्थांचा विषय येथेच संपला.

बहिणीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो विचारला हे बरे झाले. आरपीला कारणीभूत होणारी ८० हून अधिक जनुके माहीत आहेत. आई-वडील नात्यातले, दोघांनाही आजार नाही आणि मुलाला आहे, असे असेल तेव्हा बहुधा दोघांकडून त्या जनुकाची एकेक सदोष प्रत आलेली असते. तसे असल्यास निरोगी बहीण वाहक असण्याची, म्हणजे तिच्यात एक सदोष प्रत असण्याची, शक्यता दोनतृतीयांश असते, आणि मामाच्या घरातही तीच प्रत फिरत असू शकते, म्हणून त्या स्थळात अपत्याला आजार होण्याचा धोका परक्या घरातल्यापेक्षा बराच जास्त राहतो. आजार एक्स गुणसूत्रावरून आलेला असेल तर हिशेब वेगळा होतो: मग बहीण वाहक असल्यास लग्न कोणाशीही झाले तरी प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. यांतले नेमके कोणते, हे वंशावळ आणि रक्ताची जनुकीय तपासणी यांवरूनच ठरेल.

या तपासणीचा भावालाही उपयोग आहे. आरपीई६५ या जनुकातल्या दोषासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत लक्सटर्ना या जनुकोपचाराला मान्यता मिळाली. दोन्ही डोळ्यांची मिळून त्याची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली होती, तेव्हा तो आज तुमच्या-माझ्या आवाक्यातला नाही, आणि तो चालतोही फक्त त्या एका जनुकाच्या दोषावर. पण पुढे दुसऱ्या एखाद्या जनुकावर चाचणी निघाली, तर ज्यांचा अहवाल हाताशी असेल त्यांचाच तिच्यासाठी विचार होऊ शकतो.

स्थळाला लगेच होकार किंवा नकार कळवू नका. आधी भावाची तपासणी करा, बहिणीची नंतर. भावाच्या जनुकातला बदल सापडल्याशिवाय बहिणीच्या रक्तात नेमके काय शोधायचे, हे प्रयोगशाळेला ठरवता येत नाही. जाताना आई-वडिलांनाही सोबत न्या, म्हणजे त्यांचे नमुने त्याच वेळी घेता येतील.