वहिनीचं नाव कुठेच नाही, काय करता येईल?

धाकटी_नणंद (कुडाळ):
दादाचा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुलांचा धंदा आता बरा चाललाय, माल पुण्या-मुंबईला जातो. परवा पेपरात पाव पान आलं, दादाने नोकरी सोडली, दादाचं स्वप्न वगैरे. वहिनी फोटोत मागे बरणी धरून उभी, खाली लिहिलंय 'कुटुंबीयांसह'. आता खरं काय ते ऐका, नोकरी सोडल्यावर दोन वर्षं घर तिच्या शिलाई मशीनवर चाललं. दादाने 'कमी मीठवाला' म्हणून काढलेला आगळ फसफसून बाटल्यांची बुचं उडाली तेव्हा मिठाचं प्रमाण तिनेच बसवलं, ते तिच्या आईकडचं. मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळं) फोडायचे, सालं रसात बुडवून वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची आणि वळीव आला की ताडपत्री घेऊन धावायचं, तेही तीच, बायकांना घेऊन. दादा वाईट नाहीये हो, त्याच्या डोक्यातच येत नाही. मी काय करू? घरीच छोटा सत्कार ठेवू का?

खाडीपलीकडे:
सत्कार नको गं बाई. शाल-श्रीफळ घेऊन ती परत रातांबे फोडायला बसणार. इन्फोसिसचंच बघ, १९८१ साली सुधा मूर्तींनी साठवलेले १० हजार दिले हे सगळ्यांना पाठ आहे, पण ती बाई टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) इंजिनियर होती, तिचा पगार येत होता हे किती जण सांगतात? पगार असलेली बायको म्हणजे त्या काळची इन्व्हेस्टरच की. आणि मोटारगाडीवाल्या कार्ल बेंझच्या धंद्यात त्याच्या बायकोचा, बर्थाचा, हुंडा गेला, १८८८ ला गाडी चालते हे जगाला दाखवायला तीच दोन पोरं घेऊन शंभरेक किलोमीटर गेली, नाव मात्र नवऱ्याचं.

हिशेबी_माणूस (रत्नागिरी):
भावनेचं राहू द्या, कागद बघा. धंदा दादाच्या एकट्याच्या नावावर असेल तर कायद्याने वहिनी कोणीच नाही. नुसता पगार दाखवलात तर तो बहुतेक वेळा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो, बायकोकडे त्या कामाचं तांत्रिक ज्ञान किंवा अनुभव आहे आणि पगार त्याचाच आहे हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा भागीदारी करा, डीडमध्ये (भागीदारीच्या करारात) तिचा हिस्सा आणि कामाचा मोबदला लिहा, बँकेत दोघांच्या सह्या ठेवा. टॅक्सचं आधी सीएला विचारा.

बागायतदार_६०:
कागदाचं कौतुक मला सांगू नका. पीएमईजीपीत (उद्योगासाठी कर्जावर सबसिडी देणारी सरकारी योजना) ग्रामीण भागात बाईच्या नावावर ३५ टक्के सबसिडी मिळते, जनरलमधल्या पुरुषाला २५, म्हणून आमच्याकडे काजूचे कारखाने बायकांच्या नावावर आणि ती बाई फक्त सही करते, दर काय चाललाय तेसुद्धा तिला माहीत नसतं. तुमच्याकडे उलटं आहे, काम आहे नाव नाही. दोन्हीकडे पैसा कोणाच्या हातात ते बघा.

काजूगर:
बागायतदार काका बरोबर. मी स्वतः नवऱ्याबरोबर आंबापोळी-फणसपोळी करते, भागीदार आहे कागदावर, तरी व्यापारी फोनवर "साहेबांना द्या" म्हणतो. मग आम्ही ठरवलं, दराचं मीच बोलणार, नवरा फोन घेतच नाही. पहिल्या सीझनला दोन गिऱ्हाईकं गेली, जाऊ देत. आणि नणंदबाई, वहिनीला विचारलंत का तिला काय हवंय? सगळे आपणच ठरवतोय इथे.

धाकटी_नणंद:
नव्हतं विचारलं. काल विचारलं. आधी "घरचाच तर आसा, नाव कित्याक" सुरू झालं. मग आमसुलं पलटता पलटता म्हणाली, "माका पेपरात फोटो नको, तो बँकेचो ओटीपी तेवढो माझ्या मोबाईलार येवंदे." म्हणजे बायकांची मजुरी द्यायची तरी तिला दादा कुठे आहे ते शोधत फिरावं लागतं, आणि दादा असतो मुंबईत प्रदर्शनाला. दादा बाजूलाच होता, गप्प झाला. सोमवारी दोघं बँकेत जातायत, जॉइंट अकाउंटसाठी काय काय कागद लागतात कोणी सांगेल का?

हिशेबी_माणूस:
एकट्याच्या नावावरचा धंदा असेल तर करंट अकाउंट बहुतेक जॉइंट होत नाही. आधी भागीदारीचं डीड करा, मग फर्मचं पॅन, मग फर्मचं नवीन खातं. आणि फॉर्मवर मोबाईल नंबरच्या रकान्यात कोणाचा नंबर जातोय ते वहिनीने स्वतः बघावं.