नॉब आला तरी मागे माणूस लागणारच

एका दादांनी विचारलंय की, गाडीतला नॉब (गोल बटण) फिरवून मागे जोडलेला ट्रेलर रिव्हर्स घ्यायची सोय आपल्याकडे आली तर मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करणारा माणूस लागणार नाही ना? माझं स्पष्ट मत, लागणारच.

फोर्डने ही सोय २०१६ च्या एफ-१५० पिकअपमध्ये दिली. ट्रेलरच्या दांडीवर चौकड्यांचं स्टिकर लावायचं, ट्रेलरची मापं गाडीच्या स्क्रीनवर भरायची. मागचा कॅमेरा स्टिकर बघून गाडी आणि ट्रेलरमधला कोन ओळखतो. ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे नॉब फिरवा, स्टिअरिंग आपोआप वळतं. पण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर आपल्याच पायाखाली. मागे पोरगं आलं, वर वायर आली, तर बघायचं आपणच.

शिवाय दिंडोरीच्या वावरात पाऊस झाल्यावर स्टिकर चिखलाने माखलं की कॅमेऱ्याला दिसणार काय? आपल्या चारचाकी ट्रॉलीची पुढची चाकं दांडीबरोबर वळतात, म्हणजे सांधे दोन. एका कोनाच्या हिशोबावरचं तंत्र तिथे चालत नाही. दोनचाकी ट्रॉली किंवा कॅरॅव्हॅनला ते खरंच उपयोगी आहे, नवख्याला तर फारच.

तोवर स्टिअरिंग खालच्या बाजूने धरून बघा. हात डावीकडे नेला की ट्रॉलीचं बूड डावीकडे जातं. आखूड ट्रॉली पटकन दुमडते, तेव्हा रेटू नका. थोडं पुढे घ्या, सरळ करा, मग परत मागे. पिंपळगावच्या मार्केटमध्ये गर्दीत शिकण्यापेक्षा आधी रिकाम्या खळ्यावर हात बसवा.