लोकलमधून सायकल नेल्याबद्दल दंड झाला, दाद कोठे मागावी?

घाटवेडा (ठाणे):
येत्या रविवारी पहाटे पुन्हा निघायचे असल्यामुळे जरा घाईनेच विचारतो आहे. गेल्या रविवारी ठाण्याहून सायकल घेऊन कर्जतला गेलो तेव्हा कोणीही हटकले नाही. परतताना मात्र वाटेतल्या एका स्थानकावर तिकीट तपासनीसांनी मला खाली उतरवले आणि दंडाची पावती हातात ठेवली. द्वितीय श्रेणीच्या प्रवाशाला ३५ किलो सामान मोफत नेता येते आणि माझी सायकल जेमतेम ११ किलोची आहे, हे मी त्यांना परोपरीने सांगितले. पण त्यांनी मान वर न करता कार्बन कागद सरळ केला आणि लिहीत राहिले. हे पैसे परत कसे मिळतील?

वाशीकर:
आपण कोणत्या डब्यात होता, सायकल अखंड होती की चाके काढलेली, आणि पावतीवर कारण काय लिहिले आहे? यातले काहीच सांगितले नाही, तर उत्तर कसे द्यायचे?

जुना पासधारक:
पावती विसरा. पुढच्या वेळी पुढचे चाक काढा, हॅण्डल आडवे करा आणि लगेज डब्यात चढा. तिथल्या भाजीवाल्यांना आणि दूधवाल्यांना आधी विचारून सायकल त्यांच्या पाट्यांच्या मागे लावली, तर कोणी काही म्हणत नाही. न विचारता दारात उभी केली, तर तपासनीसांच्या आधी तेच तुम्हाला उतरवतील.

नियमप्रेमी:
३५ किलोंचा मुद्दा इथे लागूच होत नाही. सायकल आणि स्कूटर यांसारख्या वस्तूंना मोफत सामानाची सवलत मिळत नाही, मग वजन ११ किलो असो वा ५. सायकल सामान म्हणून नोंदवून पावती घ्यावी लागते. नोंद न केलेले सामान वाटेत सापडले, तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होऊ शकते. तपासनीसांनी कारण समजावून सांगायला हवे होते, एवढीच आपली तक्रार रास्त आहे.

जुना पासधारक:
हे सारे मेल-एक्स्प्रेसच्या प्रवाशांना सांगा. पहाटेच्या लोकलसाठी सायकलची नोंद करायला कोण पार्सल कार्यालयाच्या दारात उभे राहणार?

नियमप्रेमी:
नोंदणी गैरसोयीची आहे हे मान्य, पण गैरसोय म्हणजे सूट नव्हे. आपल्या भाजीवाल्यांची परवानगी पावतीची जागा घेत नाही.

घडीची सायकल:
घडीची सायकल घ्या आणि पिशवीत भरून आसनाखाली सरकवा. प्रश्न मिटला.

नियमप्रेमी:
तोही मिटत नाही. डब्यात सोबत नेण्याच्या पेट्यांना १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर ही मर्यादा आहे आणि घडी घातलेल्या बहुतेक सायकली त्या शेवटच्या २५ सेंटिमीटरवर अडतात. हुज्जत घालणारा फूटपट्टी घेऊनच येतो.

दहिसरचा पाहुणा:
आमच्याकडे मेट्रो २अ आणि ७ वर सायकल नेऊ देतात. आपण मेट्रोने का जात नाही?

घाटवेडा:
कारण ती कर्जतला जात नाही. वाशीकर, आपले प्रश्न योग्य होते. मी रागाच्या भरात लिहिले. सायकल अखंड होती आणि आम्ही चौघे साध्या डब्याच्या दाराशी चार सायकली घेऊन उभे होतो. पावती मात्र एकट्या माझ्याच नावाने फाडली, कारण बाकीचे तिघे गर्दीबरोबर पुढे निघून गेले.

वाशीकर:
चार सायकली दारात! हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. आता पावतीवर वजन आणि कारण काय लिहिले आहे, तेवढे सांगा.

घाटवेडा:
कारणाच्या जागी ‘बुक न केलेले सामान’ असे आहे. वजनाचा रकाना कोरा आहे.

नियमप्रेमी:
मग दंडाविरुद्ध नव्हे, तर वजनाशिवाय आकारणी कशी केली, याबद्दल रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर किंवा रेल मदद या तक्रारींच्या पोर्टलवर लेखी विचारा आणि पावतीचा फोटो जोडा. शनिवारी पार्सल कार्यालयात जाऊन लोकलसाठी नोंद होते का ते तिथेच विचारा. नकार मिळाला, तर तोही त्यांच्याकडून लिहून घ्या.

घाटवेडा:
शनिवारी सकाळी जातो. त्या तिघांनाही बरोबर नेतो.